एसी दुपारीच का बंद पडतो? वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घरच्या एसीचे नेहमीचे बिघाड आणि ते टाळायचे उपाय



मे २०२४ चा शेवटचा आठवडा अकोल्यातलं कुणी विसरलं नसेल. पारा रोज ४५ अंशांच्या वर जात होता. २५ मेला जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. दंगल नाही, मोर्चा नाही, कारण फक्त ऊन. कामाच्या ठिकाणी पाणी आणि पंख्यांची सोय करा, खासगी क्लास सकाळी १० च्या आधी आणि संध्याकाळी ५ नंतरच घ्या, असे आदेश निघाले.

त्याच आठवड्यात आमच्या घरचा एसी बंद पडला.

आमचं घर गोरक्षण रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. वर थेट गच्चीचा स्लॅब. घरात ८१ वर्षांची आजी, आणि दुपारचे क्लास बंद झाल्यामुळे घरीच अभ्यास करणारी मावसबहीण. दोघी एकाच खोलीत, कारण एसी एकच. दुपारी अडीचच्या सुमारास आजी म्हणाली, "काऊन रे, हे त गरम हवा फेकून राह्यलं."

मेकॅनिक आला संध्याकाळी सात वाजता. तोवर एसी पुन्हा थोडा थंड करायला लागला होता. त्यानं दोन मिनिटं गेज लावला आणि म्हणाला, "गॅस डाउन आहे भाऊ, भरा लागते." २८०० रुपये दिले. रात्रभर खोली मस्त थंड. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता पुन्हा गरम हवा!

मग मी अमरावतीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा राजापेठ भागात फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतात. मला वाटलं, ते कंपनी विचारतील, मॉडेल विचारतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वाजता बंद पडते?"

मी म्हटलं, रोज दुपारी.

"अन् रात्री?"

रात्री चांगला चालतो.

"मंग गॅसचं काही नाही रे बावा. गॅस कमी असता त रात्री बी थंड केलं नसतं. स्टॅबिलायझरवर आकडा किती दाखवून राह्यला? २१४? मंग वोल्टेज बी बरोबर आहे. ऊन उतरलं की गच्चीवर जाय, मोबाइल घेऊन."

गच्चीवर काय सापडलं ते पुढे सांगतो. पण त्या दिवशी मला जे कळलं तेच या लेखाचं सार आहे: एसी बिघडला की मेकॅनिकला फोन लावण्याआधी घड्याळ पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बरेच "बिघाड" हे बिघाड नसतातच. ती असते धूळ, चुकीची जागा किंवा वोल्टेज. आणि पैसे मात्र गॅसच्या नावावर जातात.

## आधी एवढं समजून घ्या: एसी थंडी तयार करत नाही

एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बस्स, एवढंच त्याचं काम.

खोलीतल्या युनिटमध्ये तांब्या-ॲल्युमिनियमच्या थंड जाळीवरून हवा फिरते. या जाळीला कॉइल म्हणतात. कॉइलमधला गॅस खोलीतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून आणखी गरम करतो आणि आउटडोअर युनिटच्या कॉइलमध्ये पाठवतो. तिथला पंखा त्यावरून हवा ओढतो आणि उष्णता बाहेर फेकतो. गॅस निवून पुन्हा आत येतो. हे चक्र सतत चालू राहतं.

आता यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: गॅस बंद नळीत फिरतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही, संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे. त्यामुळे "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्यच चुकीचं आहे.

दुसरी: बाहेर जितकं गरम, तितकं एसीचं काम अवघड. एसीवर लिहिलेला टनाचा आकडा बाहेरचं तापमान ३५ अंश धरून मोजलेला असतो. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. पण अकोला-अमरावतीत मे महिन्यात ४४-४५ अंश असतात, आणि तापलेल्या गच्चीवर त्याहून जास्त. म्हणजे दीड टनाचा एसी भर दुपारी पूर्ण दीड टनाचं काम देतच नाही. त्यात आउटडोअर युनिटला हवा कमी मिळाली की कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. तासाभरात निवला की पुन्हा चालू. आमच्या घरी नेमकं हेच चाललं होतं.

## घड्याळ पाहून बिघाड ओळखा

मामांनी मला सांगितलेली ही यादी मी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवली आहे. तुम्हीही स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

- फक्त दुपारी १ ते ५ मध्ये गरम हवा, रात्री ठीक: आउटडोअर युनिट तापतंय किंवा वोल्टेज पडतंय.
- सकाळ, दुपार, रात्र कधीच नीट थंड नाही: आधी फिल्टर पाहा. तो स्वच्छ असेल तर गॅस गळतीचा संशय घ्या.
- सुरुवातीला थंड, दोन-तीन तासांनी हवेचा झोतच कमी: आतल्या कॉइलवर बर्फ जमतोय.
- लाइट जाऊन आल्यावर चालू होत नाही: तीन-चार मिनिटं थांबा. तरीही नाही झाला तर सर्किटचा प्रश्न.
- जून-जुलैत भिंतीवर पाणी गळतं: पाण्याचा पाइप तुंबला आहे.

आता एकेक पाहू.

## १. आउटडोअर युनिट: आपल्याकडचा मुख्य गुन्हेगार

आता गच्चीवरची गोष्ट. आमचं आउटडोअर युनिट पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवलेलं. माकडं नळ्या ओढतात म्हणून बाबांनी वर्षभरापूर्वी त्याला तीन बाजूंनी टिनाचे पत्रे ठोकून घेतले होते. म्हणजे युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होतं. आणि मागच्या कॉइलवर टॉर्च मारला तर जाळी दिसेचना! धूळ आणि कापसाच्या तंतूंचा एक थर, अगदी घोंगडीसारखा. कापसाचं शहर म्हटल्यावर हिवाळ्यात रुईचे तंतू हवेत असणारच. ते कॉइलवर अडकतात, त्यावर उन्हाळ्याची धूळ बसते आणि हवेचा रस्ता बंद होतो.

पत्रे काढले. मेन बंद करून मऊ ब्रशनं थर ओढून काढला, मग हलक्या धारेनं पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ४५ अंशांत एसी बंद पडला नाही. खर्च शून्य रुपये.

तुम्ही काय काळजी घ्याल?

- युनिटच्या मागे किमान अर्धा-एक फूट आणि पुढे तीन-चार फूट मोकळी जागा ठेवा. नेमकं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.
- शक्य असेल तर उत्तर किंवा पूर्वेची जागा निवडा. पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट.
- सावली करायची असेल तर वर उंच, चारही बाजूंनी मोकळी करा. हिरवी नेट बांधली तर ती युनिटला गुंडाळू नका.
- माकडांचा त्रास असेल तर पत्र्याऐवजी मोठ्या भोकांची लोखंडी जाळी लावा. नळ्यांवरचं काळं फोमचं आवरण फाटलं असेल तर बदलून घ्या.
- नालीच्या अगदी वर युनिट लावू नका. नालीतून येणारे वायू तांब्याची नळी हळूहळू खातात.

महत्त्वाचं: गच्चीवरचं युनिट मेन बंद करून बाहेरून साफ करता येतं. पण भिंतीवर ब्रॅकेटला टांगलेलं युनिट साफ करायला खिडकीतून वाकू नका, ते काम मेकॅनिकचं. आणि युनिटचं झाकण तर कधीच उघडू नका. आतला कपॅसिटर मेन बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

## २. खारपाणपट्ट्यात राहता? मग पाणी जपून मारा

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा खाऱ्या पाण्याचा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, भातकुलीकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. कूलरच्या टाकीत पांढरा थर कसा बसतो ते सगळ्यांनी पाहिलंय.

तेच बोअरचं पाणी कॉइलवर मारलं की पाणी उडून जातं आणि क्षार जाळीवर राहतात. ते हवा अडवतात आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांना गंज लावतात. म्हणून धुवायला नळाचं गोडं पाणी वापरा. ते नसेल तर नुसत्या ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा.

काही जण उन्हाळ्यात आउटडोअर युनिटवर ओलं पोतं टाकतात. थंड राहील हा हेतू चांगला आहे, पण पोतं हवा अडवतं, खारं पाणी कॉइल खातं आणि विजेच्या जोडणीत पाणी जायचा धोका वेगळाच. हे करू नका.

## ३. "गॅस संपला" म्हणे! मग हे प्रश्न विचारा

गॅस गळतच नाही असं नाही. नळीचा जोड सैल होतो, कॉइलला बारीक छिद्र पडतं. पण त्याच्या खुणा असतात:

- दिवस-रात्र कधीच नीट थंड होत नाही.
- आउटडोअर युनिटजवळच्या जोडावर तेलकट डाग दिसतो. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं.
- बारीक नळीवर किंवा कॉइलच्या एकाच भागावर बर्फ जमतो.

यातलं काहीच नसेल आणि मेकॅनिक म्हणत असेल गॅस भरा, तर शांतपणे हे चार प्रश्न विचारा:

१. दादा, गळती कुठे आहे ते दाखवता का? साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. गळती बंद न करता भरलेला गॅस पुन्हा गळणारच.

२. व्हॅक्यूम करणार ना? नळीत हवा आणि ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. गळती दुरुस्त केल्यावर व्हॅक्यूम पंप लावणं गरजेचं आहे.

३. वजन करून भरणार का? आउटडोअर युनिटच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसता गेजचा काटा पाहून अंदाज चुकू शकतो.

४. गॅस कोणता? जुन्या एसीत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, आणि आजच्या बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो. काहींत आर-२९०, म्हणजे चक्क प्रोपेन. आर-३२ थोडाफार पेट घेऊ शकतो, आर-२९० तर सहज पेटतो. एकाच्या जागी दुसरा भरायचा नसतो, आणि काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट नको.

हे प्रश्न भांडायला विचारायचे नाहीत. चांगला मेकॅनिक असेल तर त्याला उलट बरं वाटतं. मामाच म्हणतात, "गिऱ्हाइकाले समजत असलं की आपलं काम बी सोपं होते." आणि एक गोष्ट मान्य करू: मे महिन्यात ही माणसं ४५ अंशांत दिवसभर गच्च्या चढत असतात. आले की आधी पाणी द्या!

## ४. फिल्टर आणि कॉइलवरचा बर्फ

एसीतून झोत कमी येतोय आणि झाकण उघडलं तर आत पांढरा बर्फ? आश्चर्य वाटेल, पण हा जास्त थंडीचा पुरावा नाही. फिल्टर धुळीनं भरला की कॉइलला पुरेशी हवा मिळत नाही. कॉइल शून्याच्या खाली जातं आणि हवेतली ओल तिथेच गोठते. गॅस कमी असेल तरीही असंच होतं. म्हणून क्रम पाळा: आधी फिल्टर, मग गॅस.

बर्फ चाकूनं खरवडू नका, कॉइलला छिद्र पडेल. कूलिंग बंद करा, रिमोटवर फॅन मोड लावा आणि बर्फ वितळू द्या.

उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी फिल्टर धुवा. दहा मिनिटांचं काम आहे:

- मेन बंद करा, पुढचं झाकण उचला, दोन्ही जाळ्या काढा.
- साध्या पाण्यानं मागच्या बाजूनं धार सोडा. गरम पाणी नको, जाळी वाकते.
- सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात ठेवली तर आपल्याकडे पाच मिनिटांत आकार बिघडतो.

## ५. मे महिन्यात पाणी टपकत नाही, जुलैत मात्र भिंत भिजते

हा प्रश्न दरवर्षी येतो: "पाइपमधून पाणीच येत नाही, एसी खराब आहे का?"

नाही. एसीच्या पाइपमधून येणारं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतली ओल. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की निघायला पाणीच नसतं. दोन-चार थेंब आले तर आले.

जूनमध्ये पाऊस लागला की तोच एसी दिवसाला कित्येक लिटर पाणी काढतो. आणि तेव्हा कळतं की उन्हाळाभर ट्रेमध्ये बसलेल्या धुळीचा चिखल झालाय आणि पाइप तुंबलाय. मग पाणी खोलीत, भिंतीवर, खालच्या स्विचबोर्डवर. अमरावतीत साईनगरला माझ्या मावशीकडे असंच झालं. टीव्हीच्या मागून पाणी उतरलं आणि टीव्ही गेला.

उपाय सोपा आहे. मृग लागायच्या आधी ट्रेचा पाइप साफ करून घ्या. बाहेरच्या टोकाला तोंड उताराकडे आहे ना, ते बादलीत बुडलेलं नाही ना, हे पाहा. इनडोअर युनिट सरळ आहे की एका बाजूला कललंय, हेही तपासा. ते मोबाइलवर होतं, कसं ते पुढे सांगतो.

हे पाणी झाडांना, फरशी पुसायला, कूलरमध्ये वापरायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र टाकू नका. ते डिस्टिल्ड वॉटरसारखं दिसतं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात.

## ६. वोल्टेज, वायरिंग आणि पाल

दुपारी गल्लीतले सगळे एसी, कूलर एकदम चालतात आणि वोल्टेज पडतं. कॉम्प्रेसर मग जास्त करंट ओढतो, तापतो आणि बंद होतो.

- स्टॅबिलायझर: बऱ्याच इन्व्हर्टर एसीवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असतं. पण ते ठरावीक वोल्टेजच्या मर्यादेतच खरं असतं. ती मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा आणि तुमच्याकडे दुपारी किती असतं ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.
- लाइट आल्या आल्या चालू करू नका: कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन मिनिटं लागतात. म्हणूनच एसी लगेच चालू होत नाही. तो बिघाड नाही. घाबरून दहादा बटण दाबू नका.
- प्लग: एसीला १६ अँपियरचा वेगळा पॉइंट, वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. मोबाइल चार्जरच्या छोट्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर एसी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. प्लग हाताला गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तर लगेच मेन बंद करा.
- पाल आणि मुंग्या: हसू नका! आउटडोअर युनिटमध्ये पाल शिरते, सर्किट बोर्डवर चिकटते आणि शॉर्ट होतं. पीसीबी बदलायचा म्हणजे हजारोंचा खर्च. सर्व्हिसिंगच्या वेळी वायर जाण्याची भोकं बुजवून घ्या.

## ७. कूलर आणि एसी एकाच खोलीत? नको

वऱ्हाडात घरोघरी कूलर आहे. त्यामुळे "दोन्ही लावले तर डबल थंड" असं वाटणं साहजिक आहे. पण होतं उलटं.

कूलर पाणी हवेत मिसळून गारवा देतो. एसी त्याच हवेतली ओल काढतो. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी आधुनिक एसीची रचना केली ती माणसांसाठी नव्हतीच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद बिघडत होता, ती ओल आटोक्यात आणायची होती. म्हणजे ओल काढणं हे एसीचं जन्मापासूनचं काम. तुम्ही कूलर लावला की एसीची बरीच ताकद ते पाणी काढण्यातच जाते. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद!

एका वेळी एकच लावा. एसीसोबत छताचा पंखा मात्र जरूर चालवा.

## ८. १८ वर लावलं की लवकर थंड होतं का?

नाही. एसी आधीच पूर्ण ताकदीनं काम करत असतो. १८ हा फक्त थांबायचा आकडा आहे. आणि वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, भर मे महिन्यात खोली १८ ला पोचतच नाही. म्हणजे कॉम्प्रेसरला क्षणाची विश्रांती नाही.

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसीचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईईच्या म्हणण्यानुसार सेटिंग १ अंशानं वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २५-२६ आणि पंखा, एवढं पुरतं. त्यात गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला तर एसीचं ओझं आणखी कमी होतं.

## ९. मोबाइल असा कामाला लावा

- रिमोट चालतोय का? सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा प्रकाश दिसला तर रिमोट ठीक आहे.
- युनिट सरळ आहे का? स्पिरिट लेव्हलचं ॲप उघडून फोन युनिटला टेकवा.
- फोटो काढून ठेवा: आउटडोअरची प्लेट, बिल, वॉरंटी कार्ड आणि डिस्प्लेवरचा एरर कोड. तक्रार करताना हे सगळं लागतं.
- वेळेची नोंद: एसी कधी बंद पडला, कधी चालू झाला, तीन दिवस नोट्समध्ये लिहा. मेकॅनिकला ही यादी दाखवली की अर्धं निदान झालंच.
- बीईई स्टार लेबल ॲप: दुकानात एसीवरचं लेबल खरं आहे का ते तपासता येतं.

एक गैरसमज: फोननं खोलीचं तापमान मोजता येत नाही. ॲप दाखवतं ते बॅटरीचं किंवा शहराच्या हवामानाचं तापमान. त्यासाठी साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. एसीत जाणारी हवा आणि बाहेर येणारी थंड हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर एसी त्याचं काम करतोय.

## वर्षाचं साधं वेळापत्रक

- फेब्रुवारी-मार्च: पूर्ण सर्व्हिसिंग. मेकॅनिकला वेळ असतो, कामही नीट होतं. एप्रिल उजाडला की रांग लागते.
- एप्रिल ते जून: दर १५ दिवसांनी फिल्टर, महिन्यातून एकदा आउटडोअरवर नजर.
- मृगाच्या आधी: पाण्याचा पाइप साफ.
- हिवाळ्यात: महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. आउटडोअर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत ओल आणि उंदीर दोन्ही राहतात.

## आणि एसी बंद पडलाच तर?

मेकॅनिक यायला दोन दिवस लागू शकतात. घरात म्हातारं माणूस, लहान बाळ किंवा आजारी कुणी असेल तर तोवरची सोय आधीच ठरवून ठेवा.

सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या खोलीत हलवा. कूलर काढा. आपल्या कोरड्या हवेत तो फार चांगलं काम करतो. म्हणून एसी घेतला तरी जुना कूलर भंगारात देऊ नका! हवा ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा अंगावर गरम झळच मारतो. ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा आणि मग पंखा लावा. थोडं थोडं पाणी, ताक किंवा ओआरएस देत राहा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी मारत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

त्या दोन दुपारी आम्ही आजीला खाली शेजाऱ्यांच्या कूलरसमोर नेऊन बसवलं होतं. ती निभावली, पण दुसऱ्या दिवशी तिचे पाय लटपटत होते आणि बाबा एक शब्द बोलत नव्हते. ते पत्रे त्यांनीच हौसेनं ठोकून घेतले होते ना. २८०० रुपयांचं दुःख विसरता येतं. ती दुपार नाही विसरता येत.

म्हणून आज संध्याकाळी ऊन उतरलं की मोबाइलचा टॉर्च घ्या आणि आउटडोअर युनिटच्या मागे एकदा डोकावून या. जाळी आरपार दिसते का? दिसत नसेल, तर पुढचं काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.